बॅक्टेरिया, एक रिसेप्टर आणि बोट धरून नेणारा जोडीदार

आजची गोष्ट अगदी बारीक आहे. म्हणजे डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक.

१९७७ साली कॅलिफोर्नियात ई. कोलाय बॅक्टेरियाकडून सोमॅटोस्टॅटिन हे हार्मोन बनवून घेतलं गेलं. ते इवलंसं, फक्त १४ अमिनो आम्लांचं. एकटं सोडलं की बॅक्टेरिया ते फस्त करायचे. मग त्याला बॅक्टेरियाच्याच एका धिप्पाड प्रोटीनला जोडलं आणि नंतर केमिकलने कापून काढलं. भारी युक्ती!

पण पेशीच्या पातळ आवरणात, म्हणजे मेम्ब्रेनमध्ये, रुतून बसणाऱ्या प्रोटीनचं काय? आपली साधारण एक तृतीयांश औषधं ज्या जीपीसीआर रिसेप्टर्सवर काम करतात, ते याच जातीचे. त्यांचा धागा मेम्ब्रेनमधून सात वेळा आरपार गेलेला असतो. बॅक्टेरियाला तो बनवायला सांगा, एकतर बॅक्टेरिया वाढायचेच थांबतात, नाहीतर प्रोटीनचा निकामी गोळा होतो.

१९९३ मध्ये केंब्रिजला राइनहार्ड ग्रिसहॅमर आणि रिचर्ड हेंडरसन (हो, २०१७ चे नोबेलवाले) यांच्या टीमने उंदराचा न्यूरोटेन्सिन रिसेप्टर घेतला. याचं पुढचं टोक पेशीच्या बाहेरच्या बाजूला राहायला हवं. पण ई. कोलायला हे कोण सांगणार? त्यांनी पुढे माल्टोज-बाइंडिंग प्रोटीन जोडलं. हे बॅक्टेरियाचं घरचंच. आतलं मेम्ब्रेन ओलांडून जायचा पत्ता त्याच्यावर आधीच लिहिलेला. त्याने रिसेप्टरचं टोक बोट धरून पलीकडे नेलं. न्यूरोटेन्सिन त्याला नीट चिकटलं, म्हणजे घडीही बरोबर पडली होती. एका बॅक्टेरियात असे रिसेप्टर किती? काही शेकडे. हसू नका, आधी हातात जवळपास काहीच नव्हतं! १९९६ पर्यंत मागच्या टोकाला थायोरेडॉक्सिन हा दुसरा जोडीदार लागला आणि रिसेप्टर शुद्ध करून वेगळा काढणंही जमलं.

आता गंमत बघा. २०१२ मध्ये ग्रिसहॅमर यांच्याच अमेरिकेतल्या गटाने या रिसेप्टरची रचना उलगडली, पण ती कीटकांच्या पेशीत बनवून. मला विचाराल तर हे थोडं चुटपुट लावणारं होतं. बॅक्टेरियाचा नंबर लागला २०१४ मध्ये, झुरिकला. आंद्रेआस प्ल्युकथून यांच्या गटाने रिसेप्टरमध्ये असंख्य बदल करून, ई. कोलायमध्ये टिकाव धरणारे नमुने निवडले. बनवताना जोडीदार होतेच. क्रिस्टल करण्याआधी मात्र त्यांना कापून बाजूला काढलं.