धरणीकंपाचा प्रदेशभेद आणि जुन्या कागदपत्रांचा पुरावा

वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या बत्तिसाव्या अध्यायांत भूकंपलक्षण सांगितलें आहे. आरंभीं पूर्वाचार्यांचीं मतें दिलीं आहेत. कोणी म्हणतात, समुद्रांतील महाकाय प्राण्यांच्या हालचालीनें भूमि कांपते. कोणी म्हणतात, भार वाहून श्रमलेल्या दिग्गजांच्या निःश्वासानें. कोणाच्या मतें वाऱ्यावर वारा आदळून. नंतर नक्षत्रांवरून वायु, अग्नि, इंद्र व वरुण अशीं चार मंडलें पाडून कोणत्या मंडलाच्या कंपानें कोणत्या देशांस पीडा होते याच्या याद्या दिल्या आहेत. वायव्य मंडलाच्या यादींत सुराष्ट्र, कुरु, मगध, दशार्ण व मत्स्य येतात. आग्नेय मंडलाच्या यादींत अंग, बाह्लीक, कलिंग, वंग यांच्या पंक्तीस अश्मक आणि द्रविडही बसविले आहेत. या याद्यांस भूशास्त्राचा आधार नाहीं हें उघड आहे. परंतु भूकंपाची पीडा देशपरत्वें भिन्न असते, हा विचार त्यांत स्पष्ट आहे. दुसरें असें कीं, अश्मक म्हणजे गोदावरीकांठचा प्रदेश. तोही वराहमिहिरानें निर्भय म्हणून वगळलेला नाहीं. अर्वाचीन काळीं मात्र दख्खनचें पठार अचल आहे अशी समजूत रूढ झाली, आणि तिचें मूळ बऱ्याच अंशीं कागदांच्या अभावांत होतें. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

भूशास्त्राचें म्हणणें थोडक्यांत असें. भारताचा भूखंड वर्षास चार-पांच सेंटिमीटर या वेगानें उत्तरेकडे सरकत आहे. त्यांतील सुमारें दोन सेंटिमीटर सरकणें हिमालयाच्या पायथ्याशीं दाबलें जातें, आणि सांचलेला ताण मधून मधून मोठ्या धक्क्यानें मोकळा होतो. म्हणून काश्मीरपासून आसामपर्यंतचा पट्टा सर्वांत भयप्रद. कच्छ व अंदमान यांचीही गणना त्यांतच होते. पठारावर ताण फार मंद गतीनें सांचतो. तेथें एकाच ठिकाणीं मोठे धक्के हजारों वर्षांच्या अंतरानें येतात. तथापि केंद्राचें अंतर एवढ्यानेंच पीडा ठरत नाहीं. पायाखालील जमीन कशी आहे हेंही पाहावें लागतें. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाचें केंद्र नेपाळांत होतें, पण गंगेच्या गाळावर वसलेलें मुंगेर शहर जमीनदोस्त झालें. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांत दोनशें किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेंतील उंच इमारती कोसळल्या. त्याच अहमदाबादेच्या जामा मशिदीचे मिनार १८१९ च्या कच्छच्याच भूकंपांत पडले होते. एकाच शहराची ही साक्ष दोनदां मिळाली आहे.

१९३४ च्या अनर्थानंतर १९३५ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानें देशाचा पहिला भूकंपभय-नकाशा काढला; त्यांत तीव्र, मध्यम व सौम्य असे तीन विभाग होते. १९६२ सालीं भारतीय मानक संस्थेनें शून्यापासून सहापर्यंत सात विभाग केले. हे नकाशे मुख्यतः पूर्वीं कोठें भूकंप झाल्याची नोंद आहे यावरून काढलेले होते. द्वीपकल्पाचा बराच भाग शून्य विभागांत गेला, कारण तेथील नोंद जवळजवळ नव्हती. नोंद नाहीं म्हणून भूकंप नाहीं, असें हें अनुमान. न्यायशास्त्र शिकणाऱ्यासही ठाऊक असतें कीं, जें डोळ्यांस दिसण्याजोगें असून दिसत नाहीं त्याचाच अभाव अनुपलब्धीनें सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं असें कोणी म्हणत नाहीं.

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगरास धक्का बसला. सुमारें दोनशें माणसें मेलीं, धरणाच्या भिंतीस चिरा गेल्या. १९७० च्या नकाशांतून शून्य विभाग नाहींसा झाला व विभाग पांच झाले. किल्लारी मात्र त्यानंतरही सर्वांत सौम्य अशा पहिल्या विभागांतच राहिली. १९९२ च्या ऑक्टोबरांत त्या बाजूस लहान धक्के बसले होते. पुढच्या वर्षीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गांवें झोंपलीं असतांना, मोठा धक्का आला. किल्लारी, सास्तूर आणि भोंवतालचीं गांवें ढिगारा झालीं. मृतांचा आंकडा सरकारी गणतीप्रमाणें आठ हजारांच्या घरांत, इतर गणतींप्रमाणें दहा हजारांजवळ. धक्क्याचें मान सहा पूर्णांक दोन-तीन दशांश, म्हणजे हिमालयाच्या हिशेबानें मध्यम. पण केंद्र उथळ होतें, आणि घरें मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींचीं, वर मातीच्या जड धाब्याचीं. उन्हाळ्यास तीं उत्तम. हललीं म्हणजे दगडांची रास. आसामांत १८९७ च्या भूकंपानें शिलाँगचीं दगडी घरें पाडल्यावर लांकडी सांगाडा व कुडाच्या हलक्या भिंती असलेलीं घरें बांधण्याचा प्रघात पडला. काश्मीरांतही लांकडी चौकटींत वीट भरण्याची जुनी रीत आहे. जेथें आठवण जागी असते तेथें गवंड्याच्या हातांत ती उतरते. लातूर-धाराशिवकडे तशी आठवणच नव्हती, आणि नकाशानेंही ती करून दिली नाहीं. २००२ सालीं विभाग चार झाले, पहिला विभाग दुसऱ्यांत मिळविला, व लातूरकडील भाग तिसऱ्यांत गेला. भूकंप आधीं आणि विभाग मागून, असा हा क्रम आहे.

आतां जेथें लिहिणारे होते तेथील स्थिति पाहावी. नेपाळच्या गोपालराजवंशावलींत इसवी सन १२५५ च्या भूकंपाची नोंद आहे; त्यांत तृतीयांश प्रजा व राजा अभयमल्ल मृत्यु पावल्याचें सांगितलें आहे. एवढी मोठी संख्या पाहून ही पोथीकाराची अतिशयोक्ति असें कोणी म्हटलें असतें तर नवल नव्हतें. परंतु पूर्व नेपाळांत भूशास्त्रज्ञांनीं चर खणून थरांचा काल काढला, आणि १९३४ चा भंग ज्या रेषेवर झाला त्याच रेषेवर तेराव्या शतकांतील मोठा भंगही असल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. ताडपत्रावरच्या ओळीस भूमीची अशी साक्ष मिळाली. त्या ओळीवांचून थराचा काल शतकाच्या अंदाजानें सांगतां आला असता, वर्ष सांगतां आलें नसतें. काश्मीरांत १५५५ च्या भूकंपाची नोंद संस्कृत व फारसी अशा दोन्ही इतिहासग्रंथांत आहे. कच्छांत १६ जून १८१९ रोजीं सिंद्रीचा किल्ला पाण्याखालीं गेला आणि रणांत कित्येक कोसांचा मातीचा उंचवटा आपोआप उठला, त्यास लोकांनीं अल्लाबंद नांव दिलें. कंपनीचे अंमलदार नुकतेच तिकडे पोंचले होते म्हणून त्याचें तपशीलवार वर्णन राहिलें.

उलट प्रकारचें उदाहरणही द्यावयास हवें, कारण नोंद म्हणजे सत्य असेंही नाहीं. टॉमस ओल्डहॅम यांनीं जुळविलेली व त्यांच्या पुत्रानें १८८३ सालीं प्रसिद्ध केलेली हिंदुस्थानांतील भूकंपांची सूची आजही सर्वांच्या हातीं असते. तींत २६ मे १६१८ रोजीं मुंबईस वादळ व भूकंप होऊन दोन हजार माणसें व साठ गलबतें गेल्याची नोंद आहे. हीच नोंद पुढच्या सूचींत उतरत गेली आणि मुंबईच्या इतिहासांत एक मोठा भूकंप जमा झाला. पुढें अभ्यासकांनीं मूळ वर्णनाकडे जाऊन पाहिलें, तेव्हां हें चक्रीवादळच होतें असें ठरलें. मे अखेर, समुद्रकिनारा आणि बुडालेलीं गलबतें एवढ्यावरूनच संशय यावयास हवा होता. सूचीवरून सूची उतरविण्याची ही खोड इतिहासाच्या इतरही शाखांत आहेच. त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

पठारापुरतें पाहिलें तर कागदांची धांव अपुरी आहे हें प्रथमच कबूल करावें लागतें. मराठी दप्तरें सतराव्या शतकापासून भरगच्च होतात. त्यापूर्वींचे शिलालेख व ताम्रपट दानधर्माचे. हजारों वर्षांनीं येणारा भूकंप तीन-चारशें वर्षांच्या कागदांत सांपडावा ही अपेक्षा अवाजवी आहे. अशा ठिकाणीं पुराणवस्तूंकडे वळावें लागतें. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील प्राचीन वस्तीच्या थरांत भूकंपानें झालेल्या विकृतीच्या खुणा असून त्यांचा काल सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींचा असल्याचें मत भूशास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं मांडलें. तेर किल्लारीपासून फार दूर नाहीं. वराहमिहिर सहाव्या शतकांतला, त्याच्या यादींत अश्मक आहे, यावरून त्यास हा भूकंप ठाऊक होता असें अनुमान काढण्याचा मोह होईल, तो आवरावा. मंडलांच्या याद्या नक्षत्रविचारांतून आल्या आहेत, वार्तेवरून नव्हे. परंतु जुन्या टेकाडांवर उत्खनन करणारांनीं पडलेल्या भिंती एकाच दिशेस पडल्या आहेत काय, विटांच्या थरास चीर जाऊन एक बाजू खचली आहे काय, हें टिपून ठेवलें तर त्याचा उपयोग आहे. जुन्या जागा नदीच्या पुरानें ओसाड पडल्या असें लिहून मोकळें होणें सोपें असतें.

कोयनेच्या बाबतींत मात्र कागद अगदीं उपयोगी पडण्याजोगे आहेत. जलाशय भरूं लागल्यावर तेथें धक्के वाढले, आणि पाण्याच्या भारामुळें व दाबामुळें खडकांतील जुना ताण मोकळा होतो असें मत सर्वत्र मान्य झालें आहे. ताण आधींचा असेल तर धरणापूर्वींही तेथें कधीं काळीं लहान धक्के बसले असावेत. पाटण, हेळवाक, चिपळूण, सातारा या बाजूचीं वतनदारांचीं, मठांचीं व देवस्थानांचीं दप्तरें पुष्कळ घरीं आहेत. त्यांत जमाखर्चाच्या कडेस, पंचांगाच्या कोऱ्या जागेंत, पोथीच्या शेवटच्या पानावर धरणीकंप, भूमिकंप किंवा जलजला यांपैकीं शब्द आढळल्यास त्याचें मोल मोठें आहे. देवळाच्या कळसाची वा शिखराची दुरुस्ती, विहिरीचें पाणी एकाएकीं आटलें किंवा गढूळ झालें, शांति केली, अशीं अप्रत्यक्ष चिन्हेंही पाहावींत. वाचकांनीं पोथ्यांच्या याद्या करतांना ग्रंथनाम, लेखनशक व पानें एवढेंच न टिपतां समासांतील मजकूरही उतरून घ्यावा. पुनर्बांधणींत समास कापले जातात आणि कोरीं पानें फेंकलीं जातात, हें आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे. दुसरी बाजूही महत्त्वाची: ज्या ठिकाणची रोजनिशी खंड न पडतां वर्षानुवर्षें चालली आहे आणि जींत पाऊस, आग, चोरी यांच्या बारीक नोंदी आहेत, तींत धरणीकंप नसेल तर तो अभाव खरा पुरावा होतो. उजेडांतल्या खोलींत घट दिसला नाहीं, असें मग म्हणतां येतें.

नोंद सांपडल्यावर काल ठरवितांना एक खोंच ध्यानांत ठेवावी. आपला वार सूर्योदयास बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीं, हिजरी तारीख सूर्यास्तास. मध्यरात्रीनंतर व सूर्योदयापूर्वीं आलेला धक्का आपल्या कागदांत आदल्या वाराचा व आदल्या तिथीचा असतो. किल्लारीचा भूकंप इंग्रजी गणनेनें गुरुवारचा. पंचांगानें तो भाद्रपद शुद्ध चतुर्दशीच्या, म्हणजे अनंतचतुर्दशीच्या, बुधवारची रात्र होय. कृष्णपक्षांतील नोंद उत्तरेकडील असेल तर पूर्णिमान्त मासामुळें आणखी एक महिन्याचा घोटाळा होतो. असल्या एका दिवसाच्या वा महिन्याच्या फरकानें एकाचे दोन भूकंप सूचींत शिरतात.

याच कसोटीनें तपासण्याजोगा एक भूकंप मराठी कागदांच्या आंवाक्यांत आहे. १ सप्टेंबर १८०३ रोजीं मध्यरात्रीनंतर गढवालांत मोठा धक्का बसला. गढवालांतील श्रीनगर उद्ध्वस्त झालें, बदरीनाथाच्या देवालयाची हानि झाली, आणि दूर दिल्लींत कुतुबमिनाराचा शिरोभाग पडला, जो पुढें १८२८ सालीं रॉबर्ट स्मिथ यानें नवा बसविला व १८४८ सालीं उतरविण्यांत आला. त्या रात्रीं दिल्ली दौलतराव शिंद्यांच्या अमलाखालीं होती. २९ ऑगस्टास कोळ येथें जनरल लेकशीं लढाई झाली होती, ४ सप्टेंबरास अलीगड पडलें, ११ तारखेस दिल्ली गेली. म्हणजे धक्का लढाईच्या ऐन धामधुमींत आला, आणि वर्तमानें लिहिणारे कारकून तेव्हां त्या मुलखांत जागोजाग होते. आमच्या गणितानें तो दिवस शके १७२५, भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, बुधवार येतो. तिथि व वार किल्लारीचेच आले हा केवळ योगायोग. त्यांत दुसरें कांहीं शोधूं नये. ज्यांच्या संग्रहीं शिंद्यांकडील उत्तर हिंदुस्थानच्या अखबारा व पत्रें आहेत त्यांनीं १ सप्टेंबर एवढेंच न पाहतां या तिथीखालीं व तिच्या पुढच्या आठ-दहा दिवसांच्या पत्रांत शोध घ्यावा, आणि मथुरा, दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर यांपैकीं कोठें किती घटिका रात्र राहिली असतां धक्का जाणवला, काय पडलें व काय उभें राहिलें, हें मजकुरासह कळवावें.