गोळी हृदयाची, परिणाम हिरडीवर

मुळशीतल्या कोळवणहून पुण्याला दात काढायला निघालेले आजोबा रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घरीच ठेवतात. दाताचा आणि त्या गोळीचा काय संबंध? संबंध आहे. तो कसा उमगत गेला, ते आम्ही येथे सांगत आहोत.

फेफऱ्यावरील फेनिटॉइनचा उपयोग १९३८ साली पुढे आला. १९३९ मध्येच किंबॉल यांनी नोंदवले, की ते घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढतात.

रक्तदाबासाठी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली. त्यांचा १९४९ सालचा निबंध जगभर गाजला. पुढे सर्पगंधेची जागा नव्या औषधांनी घेतली. त्यांपैकी निफेडिपिननेही हिरड्या वाढतात, हे १९८४ साली दिसले. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिननेही काहींना तसे होते. दात अस्वच्छ असतील तर अधिकच.

ॲस्पिरिनचे वेगळे. त्याने रक्त गोठण्यास वेळ लागतो, म्हणून दात काढण्यापूर्वी ते काही दिवस बंद करण्याची पद्धत होती. पण हिरडीचे रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येते. गोळी बंद असताना हृदयाच्या रोहिणीत गुठळी झाली, तर जीवच जाऊ शकतो. म्हणून आता कमी मात्रेचे ॲस्पिरिन सहसा थांबवत नाहीत.

तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दंतवैद्याला चिठ्ठी दाखवावी. घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची नावे विद्यार्थ्यांनी कागदावर उतरवून दिली, तरी मोठे काम होईल.