संकासुराची रात्र आणि तीन मिनिटांचे माप

पेडणे महालातील जत्रेत पालखी देवळात परतली की मध्यरात्रीनंतर मांडवात मृदंगावर थाप पडते आणि दशावताराला आरंभ होतो. एक बाकडे, पायपेटी, मृदंग व झांज एवढीच सामग्री. लिखित संहिता नाही. आख्यान कोणते ते आधी ठरते आणि संवाद नट रंगभूमीवर उभ्या उभ्या रचतात. आडदशावतारातला काळ्या वेषाचा संकासुर तर समोर बसलेल्यांकडे पाहूनच बोलतो. त्याचा विनोद त्या गावापुरता, पुष्कळदा त्या रात्रीपुरताच असतो. हा खेळ आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेला आहे. तेथे त्याचे काय होते हे पाहू लागलो, तेव्हा आम्हांस प्रथम गोमंतकातील काही जुन्या गोष्टी आठवल्या.

साधन बदलले की कलेचे रूप बदलते, हे या भूमीला नवे नाही. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच सेंट पॉल महाविद्यालयात आला. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, ते मराठी ओव्यांचे, पण रोमी लिपीत. कारण छापखान्याजवळ नागरी खिळे नव्हते. आज आमची नातवंडे 'काय करताय' हे रोमी अक्षरांत लिहून पाठवतात तेव्हा आम्ही रागावतो. चारशे वर्षांपूर्वी पुराणाचीही तीच गत झाली होती, हे मात्र विसरतो.

यापेक्षा जवळचे उदाहरण तबकडीचे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. १९०२ साली गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळी गायिका गाण्याच्या अखेरीस आपले नाव स्वतः उच्चारत, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळणे आवश्यक असे. तास-दीड तासाचा ख्याल या मापात बसवताना विलंबित आलापी गेली, द्रुत बंदिश व ठुमरी पुढे आली. फोंडा महालातील केरीच्या केसरबाई केरकर यांची १९७७ साली 'व्हॉयेजर' यानासोबत अंतराळात गेलेली भैरवी याच मापाची, सुमारे साडेतीन मिनिटांची आहे. त्यांची बैठक ज्यांनी ऐकली होती ते जुने रसिक म्हणत, तबकडीत बाई दिसतात, भेटत नाहीत. डिचोलीच्या नव्या सोमवारी रात्रभर चालणाऱ्या मैफलीत बसलेल्यास यातला भेद सांगावा लागत नाही. तेथे गायकाला किती वेळ गावे हे समोरची मान सांगते.

तबकडीने गाणे आखूड केले खरे. पण तिला श्रोत्याची खबर नव्हती. ऐकणारा कोठे कंटाळला हे ती जाणत नव्हती. २००५ साली निघालेल्या यूट्यूबची गोष्ट येथे वेगळी होते. २०१२ पासून त्याने शिफारशीसाठी प्रेक्षक किती वेळ पाहत राहिला याला महत्त्व दिले. म्हणजे प्रत्येकाने कोठे पाहणे सोडले याची नोंद होते आणि त्या नोंदींवरून पुढे कोणाला काय दाखवावे हे अल्गोरिदम नावाची गणिती रीत ठरवते. २०२० साली त्यात लहान चित्रफिती आल्या, आरंभी पंधरा सेकंदांच्या. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्यांची मर्यादा तीन मिनिटे झाली. शंभर वर्षांनी फिरून तबकडीचेच माप!

या मापात दशावताराचे काय उतरते? आम्ही पाहिलेल्या अनेक चित्रणांत आडदशावतार गाळलेला होता. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव यांना आरंभी थांबून पाहणारे थोडे, म्हणून खेळ थेट आख्यानापासून. आख्यानातूनही युद्ध आणि ट्रिकसीन तेवढे वेगळे काढलेले. ट्रिकसीनची हौस यूट्यूबच्या आधीची आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पूर्वी तिला आवर घालणारे वृद्ध पहिल्या रांगेत बसलेले असत.

लाभही नाकारता येत नाहीत. २०२० मध्ये जत्रा बंद पडल्या तेव्हा या पडद्यानेच कलावंतांना प्रेक्षक दिला. मुंबईत किंवा आखातात राहणारा पेडणेकर आज घरबसल्या दहिकाला पाहतो. आमचा आक्षेप निराळा आहे. सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी तपासनिसाकडे जात असे. तो जुलूम होता; परंतु तपासनीस कोण, त्याची कचेरी कोठे, हे माहीत असे. शासकीय सेवेत आम्हांलाही नस्तीवर नकाराचे कारण लिहावे लागे, आणि ते आवडले नाही तर अर्जदार वर अपील करी. चित्रफीत मागे का पडली, हे मात्र दशावतारी मंडळाला कोणी सांगत नाही. मग मंडळ तर्काने खेळ बदलते.

गेल्या जत्रेत संकासुराने पहिल्या रांगेत भ्रमणध्वनी उंच धरून बसलेल्या पोरांनाच बोल लावले. "अरे, माका बघतास काय त्या पेटयेक?" मांडव हसून लोटपोट झाला. पुढे दोन दिवसांनी ती चित्रफीत आमच्या पाहण्यात आली. तो भाग कापलेला होता. चित्रण करणाऱ्या मुलाला आम्ही विचारले. तो म्हणाला, "काका, बाहेरच्यांना ते कळत नाही, पुढे सरकवतात."