लामकानीचा मुक्काम आणि वाट दाखवणारा माणूस

गेल्या पावसाळ्यात विहाराशेजारच्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं एक तक्ता पाठ करत बसली होती. वर मथळा होता, 'अठराव्या शतकाचा पूर्वार्ध : महत्त्वाच्या व्यक्ती व घटना'. १७०७ औरंगजेबाचा मृत्यू, शाहूंची सुटका. १७०८ साताऱ्याला राज्याभिषेक. १७१३ बाळाजी विश्वनाथ पेशवा झाला. १७१९ चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा. १७२८ पालखेड. १७४० बाजीरावाचा मृत्यू. त्यातल्या एका मुलाने पुस्तक मिटलं आणि सरळ अहिराणीत विचारलं, "ताई, तवय आपला लोके कोठे व्हतात?"

नेहमीचं उत्तर आमच्या ओठांवर आलंच होतं. पेशवाई, गळ्यात मडकं, कमरेला झाडू. पण ते उत्तर इथे लागू पडत नव्हतं. तक्त्यातली पहिलीच ओळ धुळे जिल्ह्यातून जाते, आणि १७०७ साली खानदेशात पेशवाई नव्हती. खानदेश हा मोगलांचा सुभा होता, बुऱ्हाणपूर त्याचं मुख्य ठाणं होतं. पुण्यात अजून कुणी पेशवा बसलेला नव्हता. तरीही गावकुसाबाहेर वस्ती होती, आणि त्या वस्तीच्या वाट्याला महारकी होती. ती कुणाची होती मग? या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी ती तक्त्यातली ओळ नीट वाचायला हवी.

३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब अहमदनगरला मेला. त्याचा मुलगा आझमशहा तख्तासाठी भावाशी लढायला उत्तरेकडे निघाला. सोबत शाहू होते, १६८९ पासून मोगलांच्या कैदेत वाढलेले, पंचविशीचे. मे महिन्यात भोपाळजवळ दोराह्याच्या मुक्कामावर त्यांना सोडण्यात आलं. आई येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागेच राहिल्या, त्या थेट १७१९ साली परत आल्या. शाहू नर्मदा ओलांडून, सातपुडा उतरून खानदेशात आले. हाताशी फौज नव्हती, खजिना नव्हता. बिजागडचा मोहनसिंग रावळ, तापीकाठच्या कोकरमुंड्याचे अमृतराव कदम बांडे आणि लामकानीचा सुजानसिंग रावळ यांनी त्यांना आधार दिला. ही लामकानी म्हणजे आपल्या धुळे तालुक्यातलीच. तिथे मुक्काम करून शाहूंनी सरदारांशी संधान बांधलं. परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे एकेक जण येऊन मिळत गेले. म्हणजे साताऱ्याच्या गादीचं पुढचं राजकारण आकाराला आलं ते खानदेशच्या मातीत. शाळेच्या पुस्तकात लामकानीचं नाव आम्हाला कधी वाचायला मिळालं नाही. धुळ्यातल्या मुलांना रायगड पाठ, लामकानी माहीत नाही!

आता त्यातली एक गोष्ट पाहा. ताराबाईंनी १७०० पासून सात वर्षं औरंगजेबाशी झुंज देत राज्य राखलं होतं. त्यांनी शाहूंना मानायला नकार दिला, आलेला माणूस तोतया आहे असं जाहीर केलं. मग हाच खरा शाहू, हे लोकांना पटवायचं कसं? सांगतात की परसोजी भोसल्यांनी त्यांच्यासोबत एका ताटात जेवून ते पटवलं. भोसले कुळाचा माणूस ज्याच्या ताटात जेवतो तो भोसलेच असणार! पत्र नाही, शिक्का नाही, साक्षीदार नाही, फक्त ताट. कोण कुणाच्या ताटात जेवतो यावरून त्या समाजात राजासुद्धा ठरत होता. समाजशास्त्राच्या वर्गात सहभोजन आणि जात यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली, पण ही एक गोष्ट त्या सगळ्याहून बोलकी वाटते. ज्या ताटाने एकाला छत्रपती ठरवलं, त्याच ताटाच्या नियमाने त्या मुक्कामावर राबणाऱ्या दुसऱ्या एका माणसाला पंगतीपासून लांब बसवलं होतं.

तो माणूस कोण? त्याचं नाव आमच्याकडे नाही. त्याच्या कामाची यादी मात्र आहे, कारण महारकीची कामं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती आणि इंग्रजांच्या काळापर्यंत ती फारशी बदलली नाहीत. गावात लष्कर किंवा अंमलदार उतरला की त्याच्या घोड्यांना गवत आणायचं, चुलीला सरपण फोडायचं, ओझं पुढच्या गावापर्यंत वाहायचं, सांगावा पोहोचवायचा, आणि वाट दाखवायची. पुढच्या गावाच्या शिवेवर तिथला महार ओझं घेणार, हा परत फिरणार. वेशीची राखणही त्याचीच. गावच्या शिवा त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक नसत, म्हणून शिवेच्या वादात त्याची साक्ष धरली जाई. अस्पृश्य माणसाच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, आणि त्याच गावाच्या विहिरीवर त्याला घागर लावता यायची नाही. मोबदला म्हणून खळ्यावरचं बलुतं, मेलेलं ढोर आणि असला तर वतनाचा तुकडा. सातपुड्याच्या घाटवाटांवर हीच गोष्ट भिल्लांची. डोंगर त्यांचा, वाट त्यांना माहीत, आणि इतिहासात नोंद मात्र 'लुटारू' म्हणून.

तेव्हा लामकानीचा मुक्काम नुसत्या सरदारांनी पार पडला असं ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं. घोडं गवताशिवाय चालत नाही, आणि गवत आपोआप कापलं जात नाही.

तक्ता 'व्यक्ती' मोजतो त्याची आणखी एक गंमत. १७०२ ते १७०४ या काळात दख्खनमध्ये दुष्काळ आणि पाठोपाठ रोगाची साथ आली. मनुची हा इटालियन प्रवासी त्यात वीस लाखांवर माणसं मेल्याचं लिहितो. आकड्यात चूकभूल धरली तरी शाहू ज्या मुलखात उतरले तो मुलूख चार वर्षांपूर्वी मसणवटा झालेला होता. ही घटना मुलांच्या तक्त्यात नाही. मेलेले लोक 'महत्त्वाचे' नव्हते.

पुढे १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आला. दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखी, त्यात खानदेशही. चौथाई म्हणजे शेकडा २५, सरदेशमुखी म्हणजे वर शेकडा १०. त्या बदल्यात मराठ्यांनी बादशहाच्या चाकरीला १५ हजार घोडेस्वार द्यायचे, मुलखात बंदोबस्त ठेवायचा. ग्रँट डफने दिलेल्या आकड्यांप्रमाणे खानदेशचा वसूल वर्षाला सुमारे ५७ लाख रुपये धरलेला होता. हिशेब करा, नुसती चौथाई १४ लाखांवर जाते. या सनदांना पाठ्यपुस्तकं मोठा विजय म्हणतात. दिल्लीकडून पाहिलं, साताऱ्याकडून पाहिलं तर तो आहेच. अमळनेर-एरंडोलच्या कुणब्याच्या खळ्यावरून पाहिलं तर काय दिसतं? वर्षभरातच, १७२० च्या मे महिन्यात, निजामाने नर्मदा ओलांडून असीरगड आणि बुऱ्हाणपूर घेतलं. आता एकाच गावात निजामाचा अंमलदार वेगळा येणार, मराठ्यांचा कमाविसदार वेगळा. पश्चिम खानदेश पेशव्यांकडे गेला तो १७५२ च्या भालकीच्या तहाने, असीर आणि बुऱ्हाणपूर १७६० साली उदगीरनंतर. म्हणजे तीस-चाळीस वर्षं हा दुहेरी अंमल. कुणबी दोघांना भरत होता आणि कुणब्याच्या खळ्यातून ज्याचं बलुतं यायचं त्याच्या सुपात काय उरत असेल? वसूल वेळेवर आला नाही तर कुळाला चावडीवर बोलावून आणण्याचं काम पुन्हा महाराचंच. शिव्या त्याला दोन्हीकडून.

अभ्यासिकेतल्या मुलाला आम्ही हेच सांगितलं. मोगल होते तेव्हा महारकी होती, निजाम आला तेव्हा होती, छत्रपतींच्या नावाने वसूल होत होता तेव्हा होती, पेशव्यांचा अंमल बसला तेव्हा ती आणखी घट्ट झाली. सगळं खापर पेशवाईवर फोडलं की भाषणाला टाळ्या मिळतात. पण त्यात बाकीचे सगळे सुटतात, आणि गावगाडा तर साफ सुटतो.

याच काळात तळोद्याच्या रानात एक धनगराचा पोर मेंढरं राखत होता. मल्हारराव होळकर. १६९३ चा जन्म होळ गावचा. लहानपणीच वडील गेले आणि आई त्याला घेऊन खानदेशात भावाकडे, भोजराज बारगळांकडे आली. बारगळ कदम बांड्यांच्या पदरी घोडेस्वार बाळगून होते. मल्हारराव त्याच पथकात शिरला, पुढे बाजीरावाच्या चाकरीत गेला आणि माळव्याचा धनी झाला. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. सुनेला, अहिल्याबाईला, कारभार शिकवणारा सासरा म्हणूनही. तसंच पारद गावचं ते मूल. शाहू खानदेशातून पुढे निघाले तेव्हा तिथल्या लोखंडे पाटलाने विरोध केला, चकमकीत तो मारला गेला, आणि त्याच्या विधवेने आपलं लहान मूल शाहूंच्या पायाशी घातलं. शाहूंनी ते वाढवलं, फत्तेसिंह भोसले नाव दिलं. अक्कलकोटचं घराणं त्याच्यापासून चाललं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दरवाजे असे अचानक उघडत होते हे खरं. मेंढपाळ सुभेदार होत होता, पाटलाचं पोर राजा होत होतं. पण ज्याला घोड्यावर बसवायचं की घोड्यापुढे पळवायचं हे जन्माआधीच ठरलेलं होतं, त्याच्यासाठी दरवाजा उघडला का? महार लढले, किल्ल्यांच्या पायथ्याला त्यांचे पहारे होते, हे कुणी नाकारू नये. लढाई संपली की मात्र ते पुन्हा वेशीबाहेर.

बाजीरावाच्या पालखेड मोहिमेचं पाहा. १७२७-२८ मध्ये त्याने निजामाला जालना, बुऱ्हाणपूर, खानदेश, गुजरात असं फिरवलं, फेब्रुवारीत तो पुन्हा खानदेशात बेटावदला होता आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पालखेडला निजाम कोंडला गेला. सुरत-भुसावळ गाडीने जाताना नरडाण्यानंतर जे बेटावद स्टेशन लागतं, तेच हे. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनानी माँटगोमेरी या वेगवान हालचालींची तोंडभरून स्तुती करतो. आम्हाला सेनापतीच्या कौशल्याबद्दल शंका नाही. मात्र तंबू आणि रसदीचं लटांबर सोबत न घेता हजारो घोडी वेगाने धावतात, तेव्हा ती कुणाच्या तरी कडब्यावर धावतात. ती गंजी कुणाची होती आणि रात्री ती कुणी उपसून दिली, हे युद्धशास्त्राच्या पुस्तकात येत नाही.

हे कुठे सापडेल? धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, गावोगाव पायी फिरून कागद जमवले, आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या वर्णवादी विचारांशी आमचं भांडण आहे आणि राहील. पण ज्याने कागद वाचवले त्याचे कागद वाचायचे नाहीत, हा आपल्या चळवळीतला आळस आहे. तो झाकायला आपण मोबाइलवर फिरणारे वीरांचे किस्से पुढे ढकलतो. कुठल्या तरी लढाईत आपला कुणी सरदार होता का, हे शोधण्यात रात्री जातात. सापडला तर आनंदच आहे. पण सरदार सापडला नाही म्हणून आपण त्या काळात नव्हतो असं होतं का? वतनाच्या, शिवेच्या, हक्कांच्या भांडणाच्या महजरांत पाटलाच्या नांगराबरोबर महाराचीही निशाणी आहे. पाहणारे डोळे आपले हवेत.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं तेव्हा ते याच यादीशी लढत होते. महार वतनदाराला दिवसरात्र केव्हाही बोलावलं जातं, तो नसला तर बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला धरून नेतात, हे त्यांनी सभागृहाला सांगितलं. पुढच्याच वर्षी, २३ ऑक्टोबर १९२९ ला, ते खानदेशातल्या अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करून परतत होते. चाळीसगावच्या लोकांनी आग्रहाने त्यांना थांबवून घेतलं. स्टेशनवर टांगे उभे होते. टांगेवाले टांगा भाड्याने द्यायला तयार, पण अस्पृश्य प्रवाशाचा टांगा हाकायला तयार नाहीत, मग तो बॅरिस्टर असेना का. आपल्या साहेबांना पायी नेणं लोकांच्या मनाला पटेना, म्हणून टांगा कधी न हाकलेला आपल्यातलाच एक जण पुढे बसला. नदीवरच्या फरशीवर घोडं उधळलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. शेकडो वर्षं ज्यांनी दुसऱ्यांना वाट दाखवली, त्यांच्या नेत्याला दोन मैल नेणारा एक टांगेवाला खानदेशात मिळाला नाही. महार वतनं कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आता त्या मुलाच्या वहीत १७०७ च्या रकान्यात 'शाहूंची सुटका' याखाली त्याने पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे : 'लामकानीचा मुक्काम. वाट दाखवणारा, गवत आणणारा : नाव उपलब्ध नाही.' परीक्षेत याचे गुण मिळणार नाहीत, हे आम्ही त्याला सांगितलं आहे. त्याने ती ओळ खोडली नाही. पुढच्या रविवारी लामकानीला जायचं का, असं तो विचारतो आहे.