पेशवाईची वस्त्रे मागणारा सावकार

२०२४च्या नोव्हेंबरअखेरीस मुंबईचे कॅमेरे कोयनेच्या जलाशयाकाठी दरे गावात येऊन थांबले होते. विधानसभेचा निकाल लागला होता, मावळते मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आपल्या गावी आले होते, आणि मेढ्यापासून बामणोलीपर्यंत एकच चर्चा होती : आपला माणूस उपमुख्यमंत्रिपद घेणार की नाही? ४ डिसेंबरला मुंबईत तिन्ही नेत्यांची पत्रकार परिषद झाली. शिंदे यांनी संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितले. शेजारी बसलेल्या अजित पवारांनी मात्र आपण थांबणार नाही, शपथ घेणारच, असे सांगून टाकले. त्यावर दादांना सकाळीही आणि संध्याकाळीही शपथ घेण्याचा अनुभव आहे, असा टोला शिंदे यांनी मारला. सभागृह हसले. दुसऱ्या दिवशी आझाद मैदानावर दोघांनीही शपथ घेतली.

हे हसू कशाचे होते? दोघांना मिळायचे होते ते पद एकच. फरक एवढाच की एकाने ते घेण्याआधी आढेवेढे घेतले आणि दुसऱ्याने घेतले नाहीत. दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची हवी असणे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ती हवी आहे असे चारचौघांत बोलून दाखवले, की लोक गालात हसतात. आणि गंमत अशी, की या पदाचा आपल्या राज्यघटनेत उल्लेखही नाही. १९७८ साली दोन काँग्रेसचे सरकार आले, सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रात या पदाची सुरुवात तिथून झाली. पद घटनेत नसल्यामुळे त्याच्यासाठी निवडणूक नाही, आणि निवडणूक नसल्यामुळे उमेदवारीही नाही. उरते ते फक्त कोणीतरी देणे आणि कोणीतरी घेणे.

अमेरिकेत उपाध्यक्षपद घटनेत आहे, तरी तिथला शिष्टाचार असाच. आरंभी अध्यक्षपदाच्या शर्यतीत दुसरा येणारा उपाध्यक्ष होई. १८०४च्या बाराव्या घटनादुरुस्तीने ती पद्धत गेली. पुढे पक्षाची अधिवेशने हे नाव ठरवू लागली. १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्या नावाचा हट्ट धरला, आणि तेव्हापासून अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपला जोडीदार आपणच निवडायचा, हा पायंडा पक्का होत गेला. इच्छुक भाषणे करतात, दौरे काढतात, उमेदवाराची तोंडभरून स्तुती करतात. पण थेट विचारले तर आपल्याला त्यात रस नाही म्हणतात. १९५६ साली अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी मात्र निवड अधिवेशनावरच सोपवली. रातोरात उघड प्रचार झाला. एस्टिस केफॉव्हर जिंकले आणि थोडक्यात हरलेला तरुण सिनेटर होता जॉन केनेडी. चार वर्षांनी तो अध्यक्षच झाला.

ही खुर्ची दुय्यम वाटते, पण आठ अमेरिकी अध्यक्ष पदावर असताना वारले आणि आठही वेळा उपाध्यक्ष त्यांच्या जागी बसला. म्हणजे दुसऱ्याची निवड ही पुष्कळदा पुढच्या पहिल्याची निवड असते. हे ध्यानात ठेवून आता आपल्याच दारातल्या एका जुन्या प्रकरणाकडे वळू. मेढ्याहून वेण्णेच्या काठाकाठाने खाली गेले, की पंचवीसएक किलोमीटरवर सातारा लागते. तिथे १७४०च्या उन्हाळ्यात एका माणसाने राज्याचे दुसरे पद उघड मागितले होते.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे थोरले बाजीराव वारले. वय अवघे चाळिशीच्या आत. पेशवेपद हे अष्टप्रधानांतले. कागदोपत्री प्रतिनिधीचा मान त्याच्याही वर. शिवाय ते वंशपरंपरेने चालावे असा काही कायदा नव्हता. १७१३ साली शाहू महाराजांनी बहिरोपंत पिंगळ्यांच्या जागी बाळाजी विश्वनाथांना वस्त्रे दिली, तेव्हा पद एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात गेलेच होते. १७२० साली मसूरच्या मुक्कामी बाजीरावांना वस्त्रे मिळाली, ती दरबारातल्या जुन्या मंडळींचा विरोध मोडून. तेव्हा १७४० साली पद मोकळे झाले, म्हणजे खरोखरच मोकळे झाले. ते कोणाला द्यायचे, हे एकट्या छत्रपतींच्या हातात होते.

मागणारे दोन होते. एक बाजीरावांचे थोरले चिरंजीव बाळाजी, म्हणजे नानासाहेब. वय विशीच्या आत. बापाच्या मृत्यूच्या वेळी ते चुलते चिमाजी अप्पांसह कुलाब्याच्या बाजूला आंग्र्यांच्या भानगडीत गुंतलेले. दुसरे होते बारामतीचे बाबूजी नाईक जोशी. हे मोठे सावकार आणि पेशव्यांचे सोयरेही : त्यांचे बंधू आबाजी नाईक हे बाजीरावांची बहीण भिऊबाई हिचे यजमान. म्हणजे एका घरचा मुलगा आणि त्याच घरचा सोयरा, अशी ही लढत.

नाईकांच्या हातात दोन हत्यारे होती. पहिले कर्जाचे. बाजीरावांच्या स्वाऱ्या कर्जावर चालत. साताऱ्याच्या वायव्येला, मेढ्याच्याच अंगाला असलेल्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिताना बाजीराव सावकारांच्या पायांवर डोके ठेवून ठेवून कपाळ झिजल्याची तक्रार करतात. त्या सावकारांत नाईक होते. बाजीराव जाताच त्यांनी आपल्या पैशाचा तगादा लावला, हेतू हा की कर्जात बुडालेल्या घराने राज्याचा कारभार मागूच नये. दुसरे हत्यार नजराण्याचे. पेशवेपद आपल्याला मिळाले तर महाराजांना मोठी रक्कम भरू, असे त्यांनी सांगितले. पाठीशी नागपूरकर रघूजी भोसल्यांचे वजन होते. पण रघूजींची फौज तेव्हा दूर कर्नाटकात होती. २० मे रोजी दमलचेरीच्या घाटात त्यांनी नवाब दोस्त अलीला मारले, आणि तो विजय कितीही मोठा असला, तरी साताऱ्याच्या दरबारात त्याचा त्या घटकेला उपयोग नव्हता.

नजराणा देऊ करणे त्या काळी लाजिरवाणे नव्हते, हे इथे सांगायला हवे. वतन, सरदारी, गादी, काहीही मिळाले की नजर द्यावीच लागे. छत्रपतींचा खजिना नेहमी ओढाताणीत असे. तेव्हा नाईक लाच देत होते असे म्हणणे आजच्या चष्म्यातून झाले. ते एवढेच म्हणत होते की माझ्याकडे पैसा आहे, राज्याला पैशाची गरज आहे, समोरच्याकडे कर्ज आहे. तर पद मला द्या. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता.

मग नानासाहेबांच्या बाजूने मागणी झालीच नाही काय? झाली, पण ती मागणीसारखी दिसली नाही. बाप मोहिमांवर असताना नानासाहेब साताऱ्यात महाराजांच्या नजरेखाली लेखनाचे, हिशेबाचे, दरबाराचे काम शिकत वाढले होते. त्यांचा प्रचार असा कितीतरी वर्षे आधी सुरू झाला होता आणि त्याला कोणी प्रचार म्हणत नव्हते. चिमाजी अप्पा पुतण्याला घेऊन साताऱ्याला आले. त्यांनी वसई जिंकली त्याला पुरते सव्वा वर्षही झाले नव्हते. त्यांना वेगळे काही बोलायची गरज नव्हती. राहिला नाईकांचा तगादा. तो महादोबा पुरंदऱ्यांनी पुढे होऊन अंगावर घेतला आणि कर्ज वारण्याची तजवीज केली. पुरंदऱ्यांनीही पैसाच उभा केला; पण तो देणे फेडायला, पद घ्यायला नव्हे. पैसा दोन्ही पक्षांकडून आला. एकीकडून तो किंमत म्हणून आला, दुसरीकडून प्रतिष्ठा राखायला आला.

२५ जून १७४० रोजी शाहू महाराजांनी नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे दिली.

साधी गोष्ट म्हणून हे इथे संपते : उघड मागणारा हरला, न मागणारा जिंकला. पण तेवढ्यावर थांबलो तर एक गोष्ट नजरेआड होते. मागणी दोघांचीही होती. नाईकांची स्वतःच्या तोंडाने होती, म्हणून ती हाव ठरली. नानासाहेबांची चुलत्याच्या, पुरंदऱ्यांच्या आणि मेलेल्या बापाच्या पराक्रमाच्या तोंडाने होती, म्हणून तो हक्क ठरला. देणारा एकच असला की मागणाऱ्याला आपली मागणी दुसऱ्याच्या तोंडी घालावी लागते. ज्याच्याकडे अशी तोंडे नसतात, त्याला स्वतः बोलावे लागते, आणि बोलला की तो हलका होतो.

शाहू महाराजांनी केलेली पारख चुकली असेही नाही. पुढे कर्नाटकची कामगिरी नाईकांकडे आली होती. ती त्यांना पेलली नाही आणि १७४६च्या अखेरीस सदाशिवरावभाऊंना तिकडे जावे लागले. पैसा उभा करणे आणि फौज चालवणे ही दोन कामे वेगळी, हे तेव्हा दिसून आले. पण नानासाहेबांवरही महाराजांची मर्जी अखंड राहिली नाही. १७४७ साली त्यांनी पेशव्यांना काही काळ पदावरून दूर केले आणि पुन्हा घेतले. दिलेले पद काढून घेता येते, हे दाखवण्याची ती शेवटची संधी होती.

कारण १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले, मागे पुत्र नव्हता. रामराजे गादीवर आले, १७५०चा सांगोल्याचा करार झाला आणि राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याला गेला. छत्रपतींची गादी साताऱ्यात राहिली, सत्ता शनिवारवाड्यात गेली. १७४० साली साताऱ्यात सगळ्यांना वाटले होते की एक प्रधान निवडला जात आहे. प्रत्यक्षात पुढची पिढीभर मराठी राज्य कोण चालवणार, ते त्या दिवशी ठरले होते. आणि त्या निर्णयात कोणाचे कर्ज किती, कोणाची लायकी काय, हे प्रश्न जे थोडेफार उघड्यावर आले, ते नाईकांनी स्वतःच्या तोंडाने पद मागितले म्हणूनच आले. ते गप्प राहिले असते, तर वस्त्रे बापाकडून मुलाकडे चर्चेविना गेली असती.

म्हणून दुसऱ्या खुर्चीसाठी उघड बोलणाऱ्याला आपण हसतो तेव्हा जरा जपून हसावे. ज्या पदाला निवडणूक नाही, त्याच्यावर लोकांना बोलता येते ते फक्त कोणी ते उघड मागितले तरच. न मागता मिळालेल्या पदाची चौकशी कोणी करत नाही. १९७९ साली कराडचे यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान झाले, त्याचा आपल्याकडे अभिमान आहे. पण त्या पदाने महाराष्ट्राला, किंवा खुद्द यशवंतरावांना काय दिले, हे त्या वेळी किती जणांनी विचारले?

राहता राहिले बाबूजी नाईक. दोन्ही गोष्टींत बारामती यावी हा निव्वळ योगायोग. त्याला त्यापलीकडे अर्थ नाही. नाईक पेशवे झाले नाहीत. ते बारामतीला राहिले आणि त्यांच्या आश्रयाला एक पुराणिक कवी आला, मोरोपंत. पेशवाईच्या इतिहासात नाईकांचे नाव एका हरलेल्या दाव्यापुरते येते. पण मोरोपंतांचे चरित्र सांगताना त्यांचे नाव टाळता येत नाही. मोरोपंतांना त्यांनी आश्रय दिला, तो कोणाकडे न मागता दिला होता.