कॅमेरा माझा, पडवी काकूंची

सावर्ड्याच्या घरी कॅमेरा बसवला, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाळा, त्यात आमची पडवी दिसते का रे?" मोबाईल बघितला. दिसत होती!

आता इतिहास ऐका. उत्तर प्रदेशातला खरकसिंग पुराव्याअभावी सुटला, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या घरी यायचे. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं, पण खासगीपणा मूलभूत हक्क मानला नाही. तो मानला थेट २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायाधीशांनी एकमताने. २०२३ चा डेटा कायदा मात्र वैयक्तिक, घरगुती वापराला लागू नाही. म्हणजे पहिली जबाबदारी माझीच. कॅमेरा गडग्याच्या आत वळवला, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं आणि काकूंना स्क्रीन दाखवली. तुमच्या कॅमेऱ्यात कोणाची पडवी दिसते? आजच बघा.