पडदा काळा, वायफाय गायब

आमच्या घरातला जुना लॅपटॉप खरं तर हिचा. शेवटची दोन वर्षं ही त्यावर आपल्या आईच्या आठवणी लिहून ठेवत होती. ही गेल्यावर तो तसाच कपाटात राहिला. मागच्या महिन्यात सुरू केला तर एक फाइल उघडायला दहा मिनिटं! धाकटी म्हणाली, "बाबा, भंगारात द्या आता, मी नवीन घेऊन देते." भाचा म्हणाला, "मामा, टाकू नका. त्यावर लिनक्स घाला, घोड्यासारखा पळेल." मी भाच्याचं ऐकलं. (आठवणींच्या सगळ्या फायली आधी दोन पेनड्राइव्हवर काढून घेतल्या होत्या. वहिनींनी काळजी करू नये.)

लिनक्स घालायला अर्धा तास लागला आणि ते चालवायला चार दिवस. पहिल्या दिवशी पडदा काळाकुट्ट. यंत्र आतून घरघरतंय, दिसत मात्र काही नाही. भाच्याने फोनवरून 'नोमोडसेट' असा एक शब्द सुरुवातीच्या आज्ञेत टाकायला सांगितला, तेव्हा कुठे ओबडधोबड का होईना, चित्र उमटलं. मग कळलं की वायफाय नाही. वायफायच्या चिपला लागणारी फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेटला लागतं वायफाय! शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, तेव्हा गाडं पुढे सरकलं.

इतिहास शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली. त्यामुळे 'चाललं ना, झालं तर मग' एवढ्यावर माझं भागत नाही. कीबोर्ड चालला, माउस चालला, डिस्क चालली. मग नेमकं पडदा आणि वायफाय यांनीच का रुसावं? चार दिवस वाचत बसलो, त्यातलं थोडं सांगतो.

यंत्रातल्या प्रत्येक भागाशी बोलायला एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कीबोर्ड आणि माउस यांची भाषा सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली आहे. ग्राफिक्सच्या आणि वायफायच्या चिपा मात्र ज्याच्या त्याच्या बोलीत बोलतात, आणि त्या बोलीचं व्याकरण बरेच कारखानदार तिजोरीत ठेवत. विंडोजसाठी कंपनी स्वतःच दुभाषा देई. लिनक्सच्या स्वयंसेवकांनी व्याकरण मागितलं की नकार.

गंमत म्हणजे हे भांडण लिनक्सहूनही जुनं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक प्रिंटर होता. त्यात कागद सारखा अडके. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती, पण मूळ प्रोग्रॅम ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचा करार केला होता. त्याने तो द्यायला नकार दिला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता असं ते स्वतः सांगत आले आहेत. लिनस तोरवाल्द्स यांचं लिनक्स आलं १९९१ मध्ये. म्हणजे आधी अडकलेला कागद, मग चळवळ.

नव्वदच्या दशकात तर मॉनिटरच्या पुस्तिकेतून आडव्या-उभ्या वारंवारितेचे आकडे शोधून हाताने फायलीत लिहावे लागत. आकडा चुकला तर मॉनिटर खराब होऊ शकतो, असा इशारा सोबत असे. त्या मानाने माझा काळा पडदा म्हणजे चैनच.

वायफायची कथा मला जास्त रंजक वाटली. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपा पुष्कळ लॅपटॉपमध्ये होत्या, पण माहिती मिळेना. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर चिरफाड करून तपासायचा आणि चिप कशी वागते याचं फक्त वर्णन लिहायचं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता, त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. हा ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्समध्ये दाखल झाला. तरी चिपच्या आत भरायचा एक छोटा प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो वाटायची परवानगी नव्हती. तो ज्याने त्याने कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढायचा! २०१० मध्ये मात्र त्याच कंपनीने आपल्या नव्या चिपांसाठी स्वतःहून खुला ड्रायव्हर दिला.

कंपन्यांचीही एक बाजू आहे, ती सांगायला हवी. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओ, आणि कुठल्या लहरी वापरायच्या, किती शक्तीने, हे प्रत्येक देशाचं सरकार ठरवतं. वायफायचं १४ वं चॅनेल फक्त जपानमध्ये चालतं. हे सगळं सॉफ्टवेअरने बदलता येतं, म्हणून उघडं करायला भीती. भीती खरी असेल, पण काही कंपन्यांनी उघडं केलंच ना!

ग्राफिक्समध्ये एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. एनव्हिडियाने स्वतःचा बंद ड्रायव्हर दिला, माहिती दिली नाही. मग 'नूव्हो' नावाचा प्रकल्प उभा राहिला. लोक आपल्या कार्डाला एखादं काम सांगत, त्याच्या आधीची आणि नंतरची आतली स्थिती नोंदवून प्रकल्पाकडे पाठवत, आणि फरकावरून अर्थ लावला जाई. वाचताना मला जेम्स प्रिन्सेप आठवला. सांचीच्या कितीतरी छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात हे पाहून त्याने 'दानं' हा शब्द ओळखला आणि १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. फरक एवढाच की ती अक्षरं कोरणारे दोन हजार वर्षांपूर्वी गेलेले होते. इथे कोरणारे हयात होते, त्यांचा फोन नंबरही होता.

२०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कुणीतरी विचारलं तेव्हा तोरवाल्द्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं आणि एनव्हिडियाला शिवी हासडली. मास्तर म्हणून मला ते पटलं नाही. पण वर्गात शेवटच्या बाकावर बसलो असतो तर टाळी वाजवली असती. पुढे काही कार्डांना सहीचं फर्मवेअर आलं, त्यामुळे नूव्होला त्यांचा वेगही वाढवता येईना. अखेर मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने गाभ्यात बसणारा भाग खुला केला, तोही नव्या पिढ्यांच्या कार्डांपुरता.

डेबियनवाले तत्त्वाचे पक्के. बंद फर्मवेअर ते आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसत. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ते आत घेतलं. तत्त्व सोडलं म्हणून काहींना वाईट वाटलं असणार. पण वायफायसाठी वायफाय शोधत बसलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला विचाराल, तर माझं मत त्यांच्या बाजूने पडलं असतं. हे लिहिताना थोडी लाजही वाटते, कारण आधी ज्यांचं कौतुक केलं ते तत्त्वाला चिकटून राहिले म्हणूनच तर हे सगळं उभं राहिलं.

असो. लॅपटॉप आता चालतो. काल रात्री हिची फाइल उघडली. आजोळच्या विहिरीबद्दलचं एक वाक्य मध्येच तुटलंय. पुढे काय लिहायचं होतं ते मावशींना ठाऊक असेल, त्यांना फोन करणार आहे.

एक अडचण राहिली आहे. झाकण मिटलं की पडदा पुन्हा जागा होत नाही. भाचा दिवाळीला येतोय. तोवर झाकण उघडंच ठेवतो, वर एक रुमाल टाकून.